पाचशे चाळीस

दहा वर्षं तू समुद्राला झटके दिलेस, रीकेल्ट.
जाळ्यापुढे तारा, तारांतून वीज,
वाळूत अंग पुरून पडलेला लेपा
आखडून वर उसळायचा
आणि अलगद जाळ्यात.
तळ नांगरावा लागत नाही, तू सांगायचास
चर्चबाहेर, लग्नात, दातांच्या डॉक्टरलासुद्धा,
डिझेल निम्म्यावर येतं.
मग ब्रसेल्सहून कागद आला : बंद.
तू ट्रान्सफॉर्मर उतरवून गॅरेजात ठेवलास,
त्यावर जुनी रजई घातलीस
म्हाताऱ्या कुत्र्याला घालावी तशी.
बोलला नाहीस काही.
तू सगळं पोटातच ठेवायचास.

पोटात होतं ते मार्चमध्ये कळलं.

स्वादुपिंड.
इतक्या गोड नावाची जागा आपल्या आत असते
हे एकसष्ट वर्षं मला माहीत नव्हतं.
चार सेंटिमीटर,
आतड्यांकडे जाणाऱ्या धमनीला बिलगून,
म्हणजे सुरी नको, असं पहिल्यानं सांगितलं,
दुसऱ्यानंही तेच, फक्त जास्त प्रेमानं.

ॲमस्टरडॅमला डॉक्टर तेर्प्स्त्रानं
अपॉइंटमेंटच्या पत्रामागे चार टिंबं काढली.
ह्या सुया, मधे तो.
जाळत नाही आम्ही, ती म्हणाली,
पेशीच्या कातडीला भोकं पडतात
मिटता येणार नाहीत इतकी.
मग ती आपली आपण मरते, काही दिवसांत.
धमनीचा सांगाडा मात्र राहतो.

तू हसलास. कितीतरी महिन्यांनी.
'म्हणजे तळ नांगरायचा नाही.'
तिला कळलं नाही.
मी खिडकीकडे पाहत राहिले.

बरे होतील का, मी विचारलं.
तिनं पेनाला टोपण लावलं.
वेळ मिळावा म्हणून करतोय, म्हणाली,
किती, ते मी सांगणार नाही,
कारण मला माहीत नाही.
मला ती तेव्हा आवडली.

सुया चार, म्हणजे जोड्या सहा,
जोडीला नव्वद झटके.
बोटीचा हिशेब मीच ठेवायची,
पाचशे चाळीस झाले, मी लगेच म्हटलं.
आणि प्रत्येक झटक्याआधी
यंत्र तुझ्या हृदयाकडे कान लावून बसतं :
ठोका पडला, की त्याच्या पाठोपाठ,
हृदयाला काही ऐकू येत नाही अशा एका फटीत,
एक.
पुन्हा वाट.
शुक्रवारी हार्लिंगेनच्या धक्क्यावर
अडतीस वर्षं मी वाट पाहिली आहे,
चुकीच्या वेळीही, चुकीच्या बोटीचीही.
इतकी नीट वाट पाहणारं जगात काही आहे
हे ऐकून बरं वाटलं.

अंग उसळू नये म्हणून
आधी सगळे स्नायू ढिले करतात.
लेप्याला ही सोय नव्हती.

बाहेर मी मनगटावर बोट ठेवून मोजत होते.
माझाच ठोका, दुसरा कुठून आणू?
एक्केचाळीसला सफाईवाला आला,
पाय वर घ्या म्हणाला,
मी घेतले, आकडा सुटला.
पुन्हा एकपासून.
लुबर्टचा मेसेज : आई, काही कळलं का?
थर्मासातली कॉफी कोमट होती,
आणि समोरच्या बाईच्या मांडीवर
कुणाचे तरी बूट, लेस व्यवस्थित बांधलेले.

संध्याकाळी तुझे ओठ सोललेले,
पोटावर चार छोट्या पट्ट्या,
त्यांच्याखाली
काय मरत होतं आणि काय नव्हतं
हे दिसायला अजून कित्येक आठवडे.

डोळे न उघडता तू विचारलंस :
वारा कुठला?

सकाळपासून मी बाहेर पाहिलं नव्हतं.
पश्चिमेचा, मी सांगितलं,
मंद.
तू मान हलवलीस, पटल्यासारखी,
बंदरातून निघायला
तेवढा पुरतो म्हणून.